टिप पुन्हा पुन्हा गळते? सळई बदलण्याआधी तुटलेली बाजू बघा

पाऊस ओसरला की चिरेखाणी सुरू होतात आणि डिचोली-वाळपईकडून, तिकडे बांदा-दोडामार्गाकडून कटरची ब्लेडं दुरुस्तीला यायला लागतात. तक्रार ठरलेली. कार्बाईडची टिप (कापणारा कडक दात) ब्रेझिंग करून, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूची सळई वितळवून, तिने धरवून बसवली, दोन-चार दिवस चिरे निघाले, मग एकेक दात गळायला लागला. गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतून येणारी तक्रार दिसायला वेगळी, पण जात तीच: ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साईडच्या सिरॅमिकची) नळी स्टेनलेसच्या फ्लँजला, म्हणजे जोडणीच्या कड्याला जोडली, भट्टीतून निघाली तेव्हा ठणठणीत होती, दुसऱ्या दिवशी बारीक तडा आणि लीक.

अशा वेळी बहुतेक जण आधी महागाची सळई आणतात. चांदी वाढवली की पकड वाढते, हा समज पक्का रुजलाय. पण बऱ्याचदा पकड कमी पडलेली नसतेच. जोड धरून बसलेला असतो आणि त्याच्या शेजारचं सिरॅमिक फुटलेलं असतं. अशा ठिकाणी आणखी कडक सळई लावली तर दुखणं वाढतं. म्हणून सळई, फ्लक्स (तापताना धातूवर ऑक्साईड चढू न देणारा लेप), गॅस यातलं काहीही बदलण्याआधी तुटलेल्या दोन्ही बाजू गरम पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात धरा आणि दहापट भिंगातून बघा.

भिंगातून काय दिसतं

पोलादाच्या खाचेत चांदीचा थर जसाच्या तसा आहे, गळलेल्या टिपेची बूड मात्र कोरी, काळसर-करडी, चांदीचा ठिपकाही नाही. याचा अर्थ चांदीने कार्बाईडला धरलंच नव्हतं. हा सफाईचा, फ्लक्सचा किंवा कमी तापवल्याचा दोष.

दोन्ही बाजूंना चांदी आहे, पण मध्ये हिरवट-तपकिरी काचेसारखे डाग आहेत, नखाने खरवडले तर चुरा होतात. तो अडकलेला फ्लक्स. डागाखाली जोड नव्हताच, उरलेल्या जागेवर दात टिकून होता.

तिसरं चित्र सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचं वाचलं जातं. खाचेत चांदी आहे आणि चांदीवर कार्बाईडचा पातळ पापुद्रा चिकटलेला आहे, मध्ये जाड, कडेला निमुळता. गळलेल्या टिपेच्या बुडाला तसाच खोलगट खळगा. म्हणजे तडा जोडातून गेलाच नाही. तो कार्बाईडमध्ये, जोडाच्या कडेपासून आत वळून गेला. इथे ब्रेझिंग उत्तम झालंय आणि तेच अंगाशी आलंय. गिऱ्हाईक म्हणतं "कच्चं बसवलं होतं", आणि समोरचा पापुद्रा सांगत असतो की पक्कं बसलं होतं.

चौथा प्रकार, तडा चांदीच्या मधून गेलेला आणि दोन्ही तोंडं खरबरीत, हा बहुधा वापरताना दात दगडात अडकून बसलेल्या दणक्याचा असतो. त्यावर इथे जास्त बोलत नाही. मशीनची फीड कमी करा.

पापुद्रा निघत असेल तर

टंगस्टन कार्बाईडचे बारीक कण कोबाल्टने बांधलेले असतात. म्हणजे अर्धं सिरॅमिक म्हणा. कोबाल्ट आहे म्हणूनच चांदीची सळई त्याला धरते. पण तापल्यावर फुगणं आणि निवल्यावर आकसणं सिरॅमिकसारखंच. एक मीटर कार्बाईड एक अंश तापवलं तर साधारण ५ ते ६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, पोलाद जवळजवळ १२.

आता २० मिलिमीटरची टिप घ्या. चांदी सुमारे ७०० अंशांना घट्ट झाली आणि तिथून आपल्या हवेच्या ३० अंशांपर्यंत निवताना पोलाद टिपेपेक्षा ०.०८ मिलिमीटर जास्त आकसणार. आकडा माणसाच्या केसाएवढा. पण दोन्ही वस्तू कडक आणि एकमेकींना घट्ट धरून असतील तर हा केस जायला जागा नाही. सगळा ताण टिपेच्या टोकांवर जमतो. टिप लांब असेल तेवढा फरक जास्त. म्हणून बारीक टिपा वर्षानुवर्षं टिकतात आणि त्याच माणसाने, त्याच सळईने बसवलेल्या लांब टिपा तडकतात. साधारण १० ते २० मिलिमीटरच्या पुढे गेलात की नुसत्या चांदीच्या थरावर विसंबू नका.

उपाय म्हणजे मध्ये तांब्याची पत्री. तयार मिळते: मध्ये तांबं, दोन्ही अंगांना चांदीचा मिश्रधातू, थरांचं प्रमाण १:२:१. एकूण जाडी ०.४ मिलिमीटर असेल तर ०.१ चांदी, ०.२ तांबं, ०.१ चांदी. दुकानात सँडविच शिम किंवा ट्रायफॉइल म्हणून मागायची.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही येते. मधला थर दोघांच्या मधल्या प्रसरणाचा हवा ना? तांबं तर अंशाला, मीटरला १७ मायक्रॉन वाढतं, पोलादापेक्षाही जास्त. मग ते मध्ये कशाला? कारण तांब्याचं काम मधला आकडा होण्याचं नाही, झुकण्याचं आहे. ब्रेझिंगच्या उष्णतेने ते पूर्ण नरम पडतं आणि फार कमी ताणाला, सुमारे ७० मेगापास्कलच्या आसपास, कायमचं सरकायला लागतं. पोलाद आकसताना ओढतं, तांबं सरकून तो फरक आपल्या अंगावर घेतं, टिपेपर्यंत थोडाच ताण पोचतो. आणि ७०० अंशांना तांबं वितळत नाही, त्याला १०८५ लागतात. म्हणून चांदी पाणी झाली तरी मधला थर जागेवर राहतो.

बांद्याच्या एका मशीनवाल्यांनी याच मुद्द्यावर अडवलं होतं: "भाऊ, मऊ तांब्यावर दात बसवलास तर दगड लागल्यावर तो मागं सरायचा नाय?" रास्त प्रश्न आहे. दोन गोष्टी. पातळ तांबं दोन कडक भिंतींच्या मध्ये दाबलं जातं तेव्हा त्याला बाजूला पळायला जागा नसते, त्यामुळे दाबाखाली ते मोकळ्या तांब्यापेक्षा बरंच जास्त तग धरतं. आणि दुसरं, कापण्याचा जोर तांब्यावर यायलाच नको. खाचेला मागे पोलादाची खांदी हवी, टिपेची पाठ तिला टेकलेली हवी. शिम बुडाखाली घालायची, पाठीमागच्या उभ्या भिंतीत फक्त चांदी, अरुंद फटीत. खांदी घासून गोल झालेली असेल तर आधी ती वेल्ड करून, ग्राइंड करून चौकोनी करा. या बाबतीत घाई केलेली दिसली की मी काम परत पाठवतो.

तयार शिम नसेल तर ०.१ मिलिमीटरची चांदीची पत्री, ०.२ ची शुद्ध तांब्याची पट्टी, पुन्हा चांदी, प्रत्येक तोंडाला फ्लक्स, असं रचूनही जमतं. पितळेची पट्टी मात्र घालू नका. ती नरम तांब्याएवढी सहज झुकत नाही आणि चांदीत लवकर विरघळते. तांबंसुद्धा फार तापवलं, फार वेळ धरलं, की चांदी ते खात जाते. लाल-केशरी होईपर्यंत टॉर्च धरून बसणाऱ्याने शिम घातली काय नि न घातली काय. चांदी वाहिली, टिप चिमट्याने किंचित पुढे-मागे हलवली, की टॉर्च बाजूला. हे हलवणं विसरू नका. त्यानेच अडकलेला फ्लक्स आणि वायू बाहेर पडतात, म्हणजे वरचा दुसरा दोषही इथेच सुटतो.

मग निववणं. पाण्यात बुडवणं तर नाहीच, फुंकणी नाही, पंख्याखाली नाही. कोरड्या वाळूत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवा, हाताला सोसेल इतकं थंड होईस्तोवर. आणि जोडाबाहेर टिपेच्या बाजूंवर माल सांडू देऊ नका. तिथे चढलेली चांदी आकसताना टिपेच्या कडेलाच ओढते, तडा तिथूनच सुरू होतो.

बूड कोरी निघत असेल तर

हे तुलनेने सोपं आहे. नव्या टिपेच्या बुडाला कधी मोकळ्या कार्बनची साय असते, जुन्या टिपेला ऑक्साईडची. हिरव्या सिलिकॉन कार्बाईडच्या किंवा डायमंड चाकावर ती साय घालवा, ॲसिटोनने पुसा, नंतर बोट लावू नका. सळई मॅंगनीज आणि निकेल असलेली घ्या. ४९ टक्के चांदी, १६ तांबं, २३ जस्त, ७.५ मॅंगनीज, ४.५ निकेल ही रचना कार्बाईडसाठीच चालते, वितळणं ६८० ते ७०५ अंश. फ्लक्स पांढऱ्याऐवजी बोरॉन घातलेला काळा. पांढरा लवकर थकतो, मोठा तुकडा तापायला वेळ लागतो तेवढ्यात संपून जातो. टिपेत टायटॅनियम कार्बाईड जास्त असेल किंवा कोबाल्ट फार कमी असेल तर चांदी नाराजच असते. अशा टिपा दगड कापायला मुळात घेऊच नयेत.

कॅडमियमची सळई अजून काही ठिकाणी मिळते, छान वाहते म्हणून जुने कारागीर तिला सोडत नाहीत. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, टॉर्चखाली ते सहज गाठलं जातं, आणि तो धूर फुप्फुसाला मारक आहे. बंद शेडमध्ये तर अजिबात नको.

ॲल्युमिना आणि स्टेनलेस

इथे खेळ बदलतो. ॲल्युमिनात कोबाल्ट नाही, धातू काहीच नाही. नेहमीची चांदी त्यावर पसरत नाही, गोळी होऊन बसते आणि निवली की सुटून येते. हे कुठल्याही फ्लक्सने सुटत नाही. रस्ते दोनच प्रचलित आहेत. एक म्हणजे ॲल्युमिनावर मॉलिब्डेनम-मॅंगनीजचा लेप ओलसर हायड्रोजनमध्ये सुमारे १४०० ते १५०० अंशांना भाजायचा, त्यावर निकेलचा काही मायक्रॉनचा मुलामा, मग ७२ टक्के चांदी-२८ टक्के तांब्याने ७८० च्या थोडं वर जोडायचं. दुसरा, चांदी-तांब्यात थोडं टायटॅनियम असलेली ॲक्टिव्ह पत्री, टायटॅनियम साधारण दीड ते साडेचार टक्के. टायटॅनियम ॲल्युमिनातला ऑक्सिजन ओढून घेतं, पृष्ठभागावर पातळ थर बनवतं, आणि त्या थरावर चांदी-तांबं पसरतं. पण हाच टायटॅनियम हवेतला ऑक्सिजनही तितक्याच हावरेपणे घेतो. म्हणून टॉर्च बाद. भट्टी १० चा उणे पाचवा घात मिलिबार व्हॅक्यूमची, ताप ८३० ते ९०० अंश.

तुटलेली बाजू इथेही तशीच वाचायची, फक्त गुन्हेगार वेगळे.

ॲल्युमिना कोरं पांढरं निघालं तर टायटॅनियम पोचलं नाही. भट्टी गळत असेल हा पहिला संशय. दुसरा संशय क्वचितच कुणी घेतं: समोरचा धातू टायटॅनियम चोरतो. कोव्हार या लोखंड-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूत २९ टक्के निकेल आहे, ३०४ स्टेनलेसमध्येही ८-१० टक्के. वितळलेल्या मालात निकेल विरघळलं की टायटॅनियम त्याच्याशीच लग्न लावून मोकळं होतं, ॲल्युमिनाच्या वाट्याला काही उरत नाही. वेळ वाढवून हे सुधारत नाही, बिघडतं. धातूच्या बाजूला तांब्याचं कडं किंवा मॉलिब्डेनमची पत्री मध्ये घाला, म्हणजे निकेल अडतं.

ॲल्युमिनाचा खोलगट पापुद्रा धातूला चिकटून आला तर ताण. ॲल्युमिना मीटरला ७ ते ८ मायक्रॉन वाढतं, ३०४ स्टेनलेस १७ ते १८. कार्बाईड-पोलादापेक्षा ही दरी मोठी आणि तापही जास्त. इथे नुसत्या ०.२ च्या तांब्यावर भागेलच असं नाही. शक्य असेल तर मुळात धातूच बदला: टायटॅनियम साधारण ९, नायोबियम ७ च्या थोडं वर, दोन्ही ॲल्युमिनाच्या शेजारी बसणारे. कोव्हार सुमारे ४३० अंशांपर्यंत खूप कमी, ५ ते ६ वाढतो, त्यापुढे झपाट्याने, म्हणून सरासरीला ॲल्युमिनाशी जुळतो. पण कोव्हारवर चांदीचा माल घालताना तो आधी ॲनील करून, म्हणजे तापवून आतला ताण काढून घ्या. वाकवलेल्या, ताणलेल्या कोव्हारमध्ये वितळलेली चांदी कणांच्या सीमांतून आत शिरते आणि धातूच तडकतो. तो तडा पाहून लोक ॲल्युमिनाला दोष देतात.

फ्लँज स्टेनलेसचाच हवा असेल तर त्याला ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ ओठ करा आणि जोड त्या ओठावर घ्या. ओठ लवचीक, ताण खातो. सिरॅमिक दाबाला फार खंबीर, ओढीला कच्चं. त्यामुळे पातळ धातू बाहेरून ॲल्युमिनाला कवटाळेल अशी रचना सपाट टोकाला टोक लावण्यापेक्षा नेहमी बरी. सपाट जोडच घ्यायचा असेल तर पातळ धातूच्या पलीकडच्या बाजूलाही ॲल्युमिनाचं कडं लावा, म्हणजे धातू एका अंगाला वाकत नाही.

भट्टीचा प्रोग्राम: ७५० अंशांना दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे जाड फ्लँज आणि पातळ नळी सारखी तापतील. मग वर, ८५० च्या आसपास दहा मिनिटं पुरतात. निववताना मिनिटाला ५ अंशांहून जलद नको, निदान ४०० पर्यंत. फिक्स्चरला पितळेचा स्क्रू चुकूनही नको. व्हॅक्यूममध्ये जस्त उडून भट्टीभर बसतं. हायड्रोजन भट्टी असेल तर तांबं ऑक्सिजनमुक्त प्रतीचंच घ्या. साध्या तांब्यातल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन मिळून आत वाफ तयार होते आणि तांबं ठिसूळ पडतं.

प्रयोगशाळांत आणखी एक वाट आहे, नायोबियमच्या पत्रीला दोन्ही अंगांना तांब्याचा अवघा काही मायक्रॉनचा थर देऊन ११५० अंशांना दाबाखाली जोडण्याची. तांबं वितळून पृष्ठभागावरचे खड्डे भरतं, मग छोट्या बेटांत गोळा होतं आणि नायोबियम थेट ॲल्युमिनाला भिडतं. तांबं वितळण्याच्या तापाच्या मानाने जोड बराच उष्ण वापर सोसतो. जॉबवर्कच्या दरात बसणारं हे काम नाही.

आपली हवा

गोव्यात जून ते सप्टेंबर जे बिघडतं त्याचं कारण बऱ्याचदा सळईत नसून हवेत असतं. पुरण्याची वाळू दमट असेल तर गरम टिपेला वाफ लागते आणि निववण्याचा सगळा हेतू फसतो. वाळू रोज लोखंडी तव्यावर भाजून घ्या. पत्र्या निळ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करा. समुद्राजवळच्या शेडमध्ये उघड्यावर पडलेली पत्री काळवंडते, ती घासून वापरण्यापेक्षा टाकून द्या.

व्हॅक्यूम भट्टीचं दार दमट हवेत उघडं ठेवलं की भिंतींवर पाणी बसतं आणि पंप तेच पाणी ओढत बसतो. व्हॅक्यूम सोडताना कोरडा नायट्रोजन सोडा, दार लवकर लावा, आणि तापवताना ३०० अंशांच्या आसपास व्हॅक्यूम पुन्हा खाली येईपर्यंत थांबा. या थांब्याला लोक कंटाळतात, पण पावसाळ्यात टायटॅनियम इथेच जळतं.

आणि "काल ठीक, आज तडा" याचं उत्तरही ओलाव्यातच आहे. ताणाखाली असलेल्या ॲल्युमिनातला सूक्ष्म तडा पाण्याच्या वाफेमुळे हळूहळू पुढे सरकतो. जोडलेला नग भट्टीतून काढल्याबरोबर लीक टेस्टला पास होतो, रात्रभर ओल्या हवेत राहतो, सकाळी गळतो. त्यामुळे हेलियम लीक टेस्ट (हेलियम वायूने गळती शोधणं) एकदा करून नग पॅक करू नका. तापवा, निववा, असं काही वेळा करा, एक रात्र जाऊ द्या, मग पुन्हा टेस्ट करा. कार्बाईडसाठी तड्यात शिरणारा लाल डाय आणि तो बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर पुरे. टिपेच्या कडेला, जोडाच्या अगदी वर, आडवी लाल रेघ दिसली तर ती टिप ब्लेडवर जाऊ देऊ नका.

ट्रॉलरवर किंवा खाऱ्या पाण्यात जाणारा स्टेनलेसचा जोड असेल तर जस्त असलेली नेहमीची चांदीची सळई टाळा. स्टेनलेस आणि चांदीच्या सीमेवरच पाणी कुरतडत जातं आणि एके दिवशी जोड अख्खा उचलून येतो, तोंड स्वच्छ, जणू कधी जोडलंच नव्हतं. जस्त नसलेली, निकेल असलेली सळई घ्या आणि फ्लक्सचा उरलेला अंश त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा.

कुणालाही दुरुस्तीला देताना तुटलेला दात फेकू नका, खाचही आधी घासू नका. दोन्ही बाजूंचे जवळून फोटो, टिपेची लांबी-रुंदी, सळईचा नंबर आणि निववलं कसं, एवढं सांगितलंत की समोरच्याला अंदाजाने सळई बदलून बघावी लागणार नाही.